राहुरीचे रेव्हरंड टिळक : चर्चमध्ये टाळ-मृदंग आणणारा कवी

राहुरी : टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. आज ज्यांच्याबद्दल लिहितोय ते टिळक वेगळे. तेही रत्नागिरी जिल्ह्यातले, तेही चित्पावन ब्राह्मण, आणि काळही जवळपास तोच. पण हे टिळक आपल्या नगर जिल्ह्यात येऊन राहिले, राहुरीत पाळक झाले, आणि त्यांनी लिहिलेली भजनं आजही आपल्या भागातल्या चर्चमध्ये दर रविवारी म्हटली जातात. त्यांचं नाव नारायण वामन टिळक. लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतात.

ज्यांची शाळा मराठी माध्यमात झाली त्यांनी त्यांचं नाव नक्की वाचलेलं आहे. शिकाऱ्याने मारलेल्या पाखराची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आठवते का? आम्हाला ती पाठ करायला लावली होती. ती याच टिळकांची. फुलं आणि मुलं यांच्यावर त्यांनी इतकं लिहिलं की त्यांना फुलामुलांचे कवी असंच म्हणतात. पण हा माणूस राहुरीच्या रस्त्यांवरून चाललाय, हे मला स्वतःला पस्तीशी उलटल्यावर कळलं. आमच्या शाळेत ते कोणी सांगितलं नाही.

मी माळकरी घरातला. वडील वारी करायचे, घरात हरिपाठ चालायचा. त्यामुळे नाताळात शेजारच्या वस्तीवरच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं की आत पियानो नाहीतर गिटार असेल. बघतो तर काय, पेटी, ढोलकी, टाळ, आणि बायाबापड्या जमिनीवर बसून टाळ्या वाजवत अभंग म्हणतायत. चाल ऐकून क्षणभर मला आमच्याच मंदिरात बसल्यासारखं झालं. हे कुठून आलं, असं एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले की ही टिळकांची कमाई आहे. तेव्हापासून मी या माणसाची माहिती गोळा करतोय.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई. तिला संतांच्या कवितेचा नाद होता आणि पोराला तो तिच्याकडूनच लागला. वडील कडक स्वभावाचे, बापलेकाचं कधी जमलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा नारायण दहा-अकरा वर्षांचा असेल. आई गेल्यावर घरात जीव रमेना, म्हणून पोरगं घर सोडून नाशिकला आलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलं, थोडं इंग्रजी शिकलं, आणि कीर्तन-पुराणं ऐकत वाढलं. नाशिक म्हणजे गोदाकाठ. तिथे कीर्तनाला तोटा नाही. पुढे चर्चमध्ये जे काही त्यांनी केलं त्याचं बी-बियाणं तिथलंच आहे, असं मला वाटतं.

1880 च्या सुमाराला लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, मनकर्णिका नावाची, वय अकरा. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. या लक्ष्मीबाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्या नवऱ्याइतक्याच मोठ्या झाल्या.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. आज इथे मास्तर, उद्या तिथे, परवा कुणाला न सांगता निघून गेलेले. पैसा हातात राहत नसे. कुणी मागितलं की दिलं, आणि घरी चूल कशी पेटणार याचा विचार मागाहून. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं इतकं मोकळेपणाने लिहिलंय की वाचताना हसू येतं आणि बाईची कीवही येते. मराठीतलं ते एक नंबरचं पुस्तक आहे. विजया मेहता यांनी त्याच्यावर चित्रपटही केला, सुहास जोशी त्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या. वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांनी तो तरी बघावा.

नागपुरात टिळकांना आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. ‘ऋषी’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. धर्माचा विचार डोक्यात सारखा चालू होता. जातिभेद त्यांना पटत नव्हता. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो आधी नुसता वाचायचा म्हणून वाचला. पण डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना.

पुढची दोन वर्षं ओढाताणीत गेली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट नावाचे साहेब होते, त्यांच्याशी टिळकांचा पत्रव्यवहार झाला. राहुरीकरांनी इथे जरा थांबावं. याच ॲबट साहेबांनी पुढे आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली, आणि त्यातला मोठा ग्रंथ म्हणजे ताहाराबादच्या महिपती महाराजांचा ‘भक्तिविजय’. ताहाराबाद आपल्याच तालुक्यात. म्हणजे टिळकांना मिशनमध्ये घेणारा माणूस हा महिपतींचा वाचक होता. मला तरी हा योगायोग मोठा वाटतो.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या साहेबाच्या नव्हे, आपल्या माणसाच्या हातून व्हावा असा त्यांचा हट्ट होता, म्हणून रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. साहेबाचा धर्म घेतला पण साहेब व्हायचं नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

घरादारावर मात्र आभाळ कोसळलं. त्या काळात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखंच. लक्ष्मीबाईंना नातेवाइकांनी सांभाळलं, पदरात लहान मुलगा दत्तू. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळे होते. टिळक पत्रं लिहायचे, कविता पाठवायचे, पण जबरदस्ती त्यांनी केली नाही. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. आपला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. हळूहळू बाईंच्या मनातलं कुंपण आपोआप पडलं आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून. हा भाग ‘स्मृतिचित्रे’मध्ये मुळातून वाचण्यासारखा आहे.

आता गाण्याकडे येतो, कारण खरा विषय तो आहे.

अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 मध्ये. त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. साहेब लोकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि उपासनेसाठी त्यांच्याकडची इंग्रजी गीतं मराठीत करून घेतली. चाल मात्र इंग्रजीच ठेवली. आता यात गोम काय आहे, तर मराठी शब्दाला ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब असतो. ‘प्रभू’ म्हणताना आपण ‘भू’ लांबवतो. इंग्रजी चालीत जोर भलतीकडे पडतो आणि ‘प्र’ लांबून ‘भू’ चेपला जातो. शिवाय त्या चालींना चार वेगवेगळे आवाज एकदम लागतात, त्यासाठी तालीम पाहिजे, वाचायला नोटेशन पाहिजे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली बहुतेक माणसं खेड्यातली, महार आणि मांग समाजातली. त्यांच्या घरात गाणं नव्हतं असं कुणी समजू नये. एकतारीवरचं भजन, डफ, हलगी, जात्यावरच्या ओव्या, सगळं होतं. पण चर्चच्या दारात पाऊल टाकलं की ते बाहेर ठेवायचं आणि आत जाऊन परक्या चालीत तोंड हलवायचं, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी होता.

हे बदलायला सुरुवात टिळकांच्या आधीच झाली होती, तेही सांगितलं पाहिजे. नगरच्याच कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी चालीत गीतं रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, गोव्याकडे फादर स्टीफन्स यांनी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं होतं आणि ते तिकडच्या गावांत वाचलं, गायलं जायचं. तेव्हा वाट अगदीच नवी नव्हती. पण पायवाटेचा गाडीरस्ता टिळकांनी केला.

त्यांच्या जवळ तिन्ही गोष्टी होत्या. संस्कृतचा अभ्यास होता, संतांची कविता लहानपणापासून पाठ होती, आणि स्वतःचा अनुभव होता. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्याच पुलावरून, अशा अर्थाचं ते उघड सांगत. त्यामुळे तुकोबांचा अभंग त्यांना परका वाटायचं कारणच नव्हतं. अभंग, ओवी, साकी, दिंडी, पद, जे जे मराठी माणसाच्या ओठावर आहे ते ते त्यांनी उपासनेसाठी वापरलं. बाप-लेकरू, आई-लेकरू, गुरु-शिष्य ही संतांची नाती त्यांनी ख्रिस्ताशी जोडली. आमच्याकडे विठ्ठलाला माउली म्हणतात, टिळकांच्या भजनात ख्रिस्तही आईसारखा येतो. असली रचना इंग्रजीतून उचलून होत नसते.

कीर्तनाचंही तसंच. उभं राहून, हातात चिपळ्या, मागे टाळकरी, आधी पूर्वरंगात विषय मांडायचा, मग उत्तररंगात आख्यान लावायचं. आख्यान बायबलातलं, पण मांडणी आपल्या हरदासांची. नगरला डॉ. ह्यूम यांच्या देखरेखीखाली पाळक तयार करायची शाळा होती, तिथे टिळक शिकवायचे. तिथून बाहेर पडणारे तरुण खेडोपाडी जाऊन भजन-कीर्तन करू लागले. आपल्या भागात आजही कुठल्या चर्चमध्ये कीर्तन झालं तर ते ऐकायला चर्चबाहेरची मंडळीही येऊन बसतात, हे मी स्वतः पाहिलंय. मीही त्यातलाच.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. काही मिशनरी साहेबांना आणि काही आपल्याही ख्रिस्ती लोकांना वाटायचं की ज्या धर्मातून बाहेर आलो त्याचेच टाळ-मृदंग पुन्हा कशाला. त्यांचंही म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्या माणसाला त्या देवळात पाऊल टाकू दिलं गेलं नव्हतं, त्याला त्या देवळातला टाळ गोड लागेलच असं नाही. टिळक ब्राह्मण घरातले, त्यांना ही अडचण कदाचित तितकी टोचली नसेल. पण गंमत अशी, की शेवटी ती भजनं धरून ठेवली ती खेड्यातल्या याच माणसांनी, कारण टाळ त्यांच्याही घरात होताच.

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरीच्या मंडळीचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच्या आधीच 1899-1900 चा दुष्काळ होऊन गेला होता, ज्याला म्हातारी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणायची. नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. मिशनच्या आसऱ्याला शेकडो अनाथ पोरं आली. टिळकांच्या घरात तर पोरांची रीघच लागलेली असे, कुठलं पोरगं कोणाचं हे विचारायची पद्धत नव्हती. लक्ष्मीबाई सगळ्यांना जेवू घालायच्या. नगरच्या प्लेगमध्येही बाईंनी रोग्यांची सेवा केली. याच घरात पुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक लाजाळू तरुण येऊन राहिला. तेच आपले बालकवी. टिळकांनी त्याला कवितेचं वळण दाखवलं आणि लक्ष्मीबाईंनी मुलासारखं सांभाळलं. म्हणजे निसर्गकविता लिहिणारा मराठीतला एवढा मोठा कवी काही काळ नगरला टिळकांच्या पंगतीला जेवलेला आहे. बालकवी 1918 मध्ये जळगावकडे भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. टिळक दाम्पत्याला तो घाव मोठा लागला.

1912 पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग टिळकांच्या हातात आला आणि शेवटपर्यंत तो त्यांनी सांभाळला. त्यातून भजनं छापून घरोघर जायची. एका गावात अंक आला की एकाने वाचायचं, बाकीच्यांनी म्हणायचं. टिळकांची गीतं शेकड्यांनी मोजावी लागतात. ‘भजनसंग्रह’ आणि ‘अभंगांजली’ ही नावं जुन्या ख्रिस्ती घरांत माहीत असतात. आज मराठी चर्चमध्ये जे ‘उपासना संगीत’ वापरतात, ते उघडलं की पानोपानी त्यांचं नाव दिसतं. त्यांची काही गीतं निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेली आणि ती परदेशातल्या गीतपुस्तकांतही गेली. साहेबांची गीतं मराठीत यायची तो ओघ या माणसाने उलटा फिरवला.

एक काम मात्र अर्धं राहिलं. 1909 मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, ख्रिस्ताचं पूर्ण चरित्र ओवीत. दहा-अकरा अध्याय झाले आणि थांबलं. नवऱ्यामागे ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने साठाहून जास्त अध्याय लिहिले, आणि तरी शेवट राहिलाच, तो त्यांचा मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. एका ग्रंथाला एका घरातले तीन हात लागले.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार घेऊन धर्म सांगायचा हे त्यांना बरेच दिवस खुपत होतं. साताऱ्याला जाऊन ते ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहिले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. देश आपला, भाषा आपली, आणि ख्रिस्तही आपल्याच वेशात, असं त्यांचं म्हणणं. दरबार नीट उभा राहायच्या आतच तब्येत ढासळली. 9 मे 1919 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय सत्तावन्न. ‘देवाचा दरबार’ त्यांच्यामागे टिकला नाही. पण विन्स्लो नावाच्या इंग्रज पाळकाने त्यांच्यापासून धडा घेऊन 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, जो पुण्याला रुजला, आणि टिळकांचं चरित्रही इंग्रजीत लिहिलं. लक्ष्मीबाई 1936 पर्यंत होत्या.

टिळकांचं लेखन टिकलं याचं श्रेय घरच्यांना. देवदत्त यांनी आईच्या मागे लागून ‘स्मृतिचित्रे’ लिहून घेतलं, नातू अशोक यांनी त्याची नीट शहानिशा करून आवृत्ती काढली. शब्द अशा रीतीने राहिले.

चाली मात्र कागदावर नाहीत.

हे मला त्या म्हाताऱ्या बाबांमुळे कळलं, ज्यांचा उल्लेख मी वर केला. त्यांच्याकडे एक वही होती, पत्रावळीसारखी सुटी झालेली, दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या वडिलांच्या हातची. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर चाल म्हणून कुठल्या तरी जुन्या पदाचं नाव लिहिलेलं. छापील जुन्या गीतपुस्तकांतही तीच रीत होती, म्हणजे त्या काळी जे नाटकाचं पद किंवा लावणी किंवा अभंग सगळ्यांना येत होता त्याचं नाव टाकलं की काम भागायचं. आता शंभर वर्षांनी ते मूळ पदच कुणाला येत नाही. चाल अमुक प्रमाणे, आणि अमुक कसं होतं ते सांगणारा नाही. म्हणजे कुलूप आहे, किल्लीचं नावही लिहिलंय, पण किल्ली गेली. इंग्रजी चालींचं तसं नाही, त्यांचं नोटेशन छापलेलं आहे, लंडनचा माणूसही ते वाचून वाजवेल. आपल्या चाली गळ्यातून गळ्यात आल्या आणि गळा गेला की गेल्या.

त्यातून एकच भजन राहुरीकडे एका ढंगात, नेवाशाकडे दुसऱ्या ढंगात म्हणतात. जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या तालुक्यात ओवीचा ठेका वेगळा असणारच. श्रीरामपूरकडे पेटीवर नव्या सिनेमाच्या चाली आल्यात. तरुण पोरांचा बँड आहे, कीबोर्ड आहे, हिंदी गाणी मोबाईलवर तयार मिळतात. त्यात वाईट काही नाही, टिळकांनी स्वतः चालू काळातल्या चाली घेतल्याच होत्या. पण जुनी चाल माहीत असून बाजूला ठेवणं वेगळं, आणि माहीतच नसणं वेगळं.

आता माझी चूक सांगतो. त्या बाबांकडून मी हिवाळ्यात दोन संध्याकाळी बसून अकरा भजनं मोबाईलवर रेकॉर्ड केली. बाबा पेटी वाजवत, सून टाळ धरी. मध्ये मध्ये बाबा थांबून सांगायचे की ही चाल चुलत्याकडून आली, ही गलांड्यावरून आलेल्या पाळकाकडून. मला वाटलं काम झालं. दुसरीकडे कुठे ठेवलं नाही, कुणाला पाठवलं नाही. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या लाईटला ऊस भरताना मोबाईल खिशातून दांडात पडला. पाण्यातून काढला तेव्हा स्क्रीन काळी. दुकानात दोन ठिकाणी दाखवला, काही निघालं नाही. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणून बाबांकडे जायचं ठरवलं, पण आधी कांद्याची लागण, मग काढणी, मग बाजारभावाच्या बातम्या, असं करत पावसाळा लागला. श्रावणात बाबा गेले. अकरांपैकी पाच चाली दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

बाबांच्या दहाव्याला... माफ करा, त्यांच्याकडे दहावा नसतो, स्मरणाची उपासना असते, तिथे गेलो तेव्हा मला सुनेच्या तोंडाकडे बघवेना. पण तिनेच विषय काढला. म्हणाली की मला चार येतात, दोन पूर्ण आणि दोन अर्ध्या, आणि माझ्या मावशीला आणखी येत असतील, ती कोल्हारकडे असते. वही तिने कापडात बांधून ठेवलीय. मी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले, ते त्याच दिवशी तिच्या मुलाच्या, माझ्या पुतण्याच्या आणि चर्चच्या पाळकांच्या मोबाईलवर पाठवले. एकूण त्र्याहत्तर पानं आहेत. काही पानांच्या कडा उंदराने खाल्ल्यात.

नंतर एका रविवारी आम्ही बसलो. तिने दोन पूर्ण चाली म्हटल्या. पुतण्याने रेकॉर्ड केलं, आणि या वेळी सुरुवातीलाच तिच्याकडून बोलून घेतलं की भजन कुठलं, वहीतलं पान कितवं, चाल कुणाकडून शिकली, गाव कोणतं. नुसतं गाणं ठेवलं तर दहा वर्षांनी ते कुणाचं हे कळत नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर पाळकांकडे आहे, एक माझ्या घरी धान्याच्या कोठीवर डब्यात.

अर्ध्या असलेल्या दोन चालींसाठी कोल्हारच्या मावशींकडे जायचं आहे. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, सकाळी त्यांचा आवाज बरा लागतो म्हणतात. येत्या शनिवारी सोयाबीनची मळणी उरकली की रविवारी उपासनेनंतर निघणार आहोत. या वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी जुनी वही असेल, किंवा आजी-आजोबांना टिळकांचं एखादं भजन जुन्या चालीत येत असेल, तर आपल्या गावच्या पाळकांना किंवा आमच्या पोर्टलच्या तालुका प्रतिनिधीला कळवा. आम्ही पेटी घेऊन येऊ, तुमच्याकडे टाळ असले तर तेवढे काढून ठेवा.